रिकाम्या कोपऱ्याचं कार्ड

३ तारीख, मंगळवार

आज वही सुरू केली. वही माझ्या नातीची, इंग्रजीची चार रेघी, अर्धी कोरी राहिलेली. ती आता तेरा वर्षांची झाली, तिला चार रेघा लागत नाहीत. मला लागतात. खरं तर मला त्याही कमीच पडतात. माझं अक्षर म्हणजे टोपलीखालून सुटलेल्या कोंबड्या. चौथीत शाळा सुटली, पुढचं जे काय आलं ते ह्यांनी शिकवलं. हे छापखान्यात प्रूफं तपासायचे. चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या. माझ्या मात्र कधी बोलून दाखवल्या नाहीत, नुसते चष्म्यावरून बघायचे. तेच जास्त लागायचं.

लिहायला का घेतलं, तर मी आनंदात आहे. हे लिहितानाही लाज वाटते. ह्यांना जाऊन चौदा महिने झाले, आणि म्हातारी आनंदात! पण आहे ते आहे. आठवड्यापूर्वी सकाळी उठले तर छातीवरचा दगड कुणीतरी उचलून नेलेला. पायांची सूज उतरलेली. परवा लिफ्ट बंद होती तर तीन जिने चढून आले, आणि कुलूप उघडताना लक्षात आलं की मध्ये कुठे टेकलेच नाही. एरवी दर जिन्याला एकेक देव आठवायचा.

हे सांगायचं कुणाला? खालच्या शिवणवाल्या वहिनींना सांगावं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला माप देऊन होईल. म्हणून वही.

५ तारीख, गुरुवार

नात माझ्याकडे राहते. मुलगा आणि सूनबाई नोकरीपायी मोठ्या शहरात, तिची शाळा इथे. तिला आम्ही खारू म्हणतो. खारीसारखं काय काय साठवते, पण दाणे नाही, शब्द. शब्दांच्या स्पर्धेच्या दोन फेऱ्या जिंकली. शेवटची फेरी एकवीस तारखेला, तिच्या आईबापांच्याच गावी. इंग्रजी शब्द देतात, त्याची अक्षरं, अर्थ आणि तो आला कुठून ते सांगायचं. माणसाचा एवढा ठावठिकाणा कोणी विचारत नाही, लग्न ठरवताना सोडून.

हा नाद तिला ह्यांच्या खोक्यामुळे लागला. बुटाचं खोकं, त्यात ह्यांची कार्डं. पुढच्या बाजूला इंग्रजी शब्द, मागे आपल्या भाषेत अर्थ आणि मूळ, मुंगीएवढ्या अक्षरात, हिरव्या शाईने. लाल शाई छापखान्याची, हिरवी घरची. आणि ह्यांचा एक नियम होता. अर्थ पाठ केला म्हणजे शब्द आला असं नाही. तो ज्याला शोभतो असं ओळखीतलं माणूस सापडलं पाहिजे. सापडलं की कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात त्याचं नाव. एक शब्द, एक माणूस.

नको इतकं बोलणारा, त्याला गॅर्युलस. त्या कोपऱ्यात शिवणवाल्या वहिनी. (त्यांना माहीत नाही.) लुगुब्रियस म्हणजे असा रडवा की बघणाऱ्याला हसू यावं. तिथे वरच्या मजल्यावरचे पेन्शनर. टॅसिटर्न म्हणजे अबोल, तिथे आमच्या सूनबाई. खरंच आहे म्हणा, ती फोनवर बोलते तेव्हा मला वाटतं फोन बिघडला.

सगळ्या खोक्यात माझं नाव मात्र कुठेच नाही. मी एकदा भांडले, म्हटलं, "तुमच्या एवढ्या इंग्रजीत माझ्यापुरता एक शब्द नाही?" तर म्हणाले, "शोधतोय. सापडला की लिहीन."

शोधता शोधता गेले.

९ तारीख, सोमवार

आज लिहू की नको असं झालंय. पण वही माझी, आणि वाचणार कोण?

दुपारी मी जरा लवंडले होते. दारं बंद, खारू शाळेत. सपातांचा आवाज आला. डाव्या पायाची थोडी घासत येणारी, उजवी टप्पकन. तसं चालणारं माणूस मला एकच माहीत आहे. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आवाज आला आणि थांबला. घाबरायला हवं होतं ना? मी काय म्हणाले असेन? "चहा ठेवू?"

उठून बघितलं तर कोणी नाही. ह्यांची खुर्ची टेबलापासून हातभर मागे सरकलेली. टेबलावर एक कार्ड, पालथं. खोकं कपाटात होतं, झाकण लावलेलं. सरळ केलं तर तीनच अक्षरं, आणि कोपरा रिकामा. एवढं छोटं कार्ड मी आधी कधी बघितलं नव्हतं.

खारू आली, तिने कार्ड बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "हे कुणी काढलं?"

"असेल बाई मीच काढलेलं. काय लिहिलंय?"

"फे."

"म्हणजे?"

"एफ, ई, वाय. विशेषण आहे." मग जरा थांबून म्हणाली, "परीसारखा. म्हणजे या जगातला वाटत नाही असा. हलका हलका, विचित्र."

"छान आहे की! कोपरा का रिकामा?"

"माणूस नाही सापडलं आजोबांना," असं म्हणून तिने कार्ड दप्तरात टाकलं. दप्तरात! खोक्यातलं कार्ड खोक्यात, हा नियम तिनेच मला दहादा ऐकवलाय.

१० तारीख, मंगळवार

ते कार्ड कधीचं ते रात्री आठवलं. ह्यांच्या शेवटच्या दिवसांतलं.

दोन महिने अंथरुणाला खिळून होते. आणि मग एका सकाळी उठून बसले की! दाढी करून घेतली, धुतलेला सदरा मागितला. दवाखान्याच्या भिंतीवरच्या सूचनेत सात चुका काढल्या आणि नर्सबाईंना पेन मागितलं. मला दोघंच असताना खुळखुळा म्हणायचे, माझ्या बडबडीवरून. लग्नापासूनचं ते आमचं गुपित, मुलालाही माहीत नाही. तर त्या दिवशी भर दवाखान्यात माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "खुळखुळ्या, घरी गेल्यावर नाचायचं का?" मला इतकं हसू आलं. चार दिवस तसे गेले. हसत, खात, कार्डं लिहीत. खारू पायाशी बसलेली असायची, तिला अक्षरं विचारायचे. आम्ही म्हटलं, टळलं. पाचव्या दिवशी चहाचा कप ओठाला लावला तो तसाच.

पण ते चार दिवस किती चांगले होते. दोन महिन्यांचं व्याज दिलं त्यांनी.

१२ तारीख, गुरुवार

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. महिन्याची तपासणी. मी म्हटलं, माझ्या तब्येतीत आता बघण्यासारखं काही उरलं नाही, मी ठणठणीत आहे. त्यांनी नळी छातीला लावली ती बराच वेळ काढलीच नाही. मी तोवर त्यांना लुगुब्रियस शब्द सांगितला. हसल्या नाहीत.

"झोप?"

"लागते थोडी. पण जाग आली तरी छान वाटतं."

"घरी कोण असतं?"

"नात असते. आणि दुपारी..." म्हटलं आणि जीभ चावली.

मोठ्या तपासणीची चिठ्ठी दिली, तेवीस तारीख, सोमवार. "तोपर्यंत जिने नको, धावपळ नको. आणि एकट्या राहू नका." मी हो हो म्हटलं आणि जिन्यानेच वर आले. लिफ्ट कुरकुरते, माझे गुडघे कुरकुरत नाहीत, मग कुणावर विश्वास ठेवायचा?

१४ तारीख, शनिवार

काल आणि आज, दोन्ही दुपारी सपाता. दोन्ही दुपारी तेच कार्ड टेबलावर. दप्तरातून बाहेर कसं येतं ते मला विचारू नये. मी दोन कप चहा ठेवते. दुसरा कुणी पीत नाही, पण गारही होत नाही लवकर. हे मी उगाच लिहीत नाही, बोट घालून बघितलंय.

आज मी गाणं म्हणत भांडी घासत होते तर खारू एकदम ओरडली, "आजी, गप्प बस ना! एक दिवस तरी रडकी हो!"

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. ही पोर तोंडातून जोरात शब्द काढत नाही कधी. "अगं, झालं काय?"

"तुझे गुडघे का दुखत नाहीत?"

"दुखायला हवेत का?"

"आधी दुखायचे!" आणि मग एका दमात, "मी नाही जाणार स्पर्धेला. माझं पोट दुखतंय."

स्पर्धेला सात दिवस आहेत, आणि पोट आजच दुखतंय. मी दोन वर्षं बघतेय या मुलीला, जेवताना शब्द, झोपेत शब्द. मुलाला फोन केला तर म्हणाला, "परीक्षेची भीती असेल, तू समजूत काढ. आणि आई, तू कशी आहेस?" म्हटलं, "कधी नव्हे इतकी छान." तिकडे खारूने धाडकन दार लावलं.

१५ तारीख, रविवार

उशीचे अभ्रे धुवायला काढले आणि खारूच्या अभ्र्यातून कार्ड पडलं. हीच खरी खार, कुठे पुरेल नेम नाही.

ह्यांचं भिंग घेतलं आणि खिडकीशी बसले. माझ्या वाचनाचा वेग म्हणजे एक ओळ, एक जांभई. पण वाचलं. ह्यांचा मजकूर जसाच्या तसा उतरवते.

"फे. जुना अर्थ: ज्याचं मरण ठरलंय असा. त्यावरून: मरण जवळ आलेलं असताना अकारण उल्हासात आलेला. मूळ: हजार वर्षांपूर्वीचं इंग्रजी, शेजारच्या उत्तरेकडल्या भाषांतही सापडतो. इतरांनी टाकला, स्कॉटलंडच्या लोकांनी जपला. त्यांची समजूत, माणूस एकाएकी फार आनंदी झाला तर घरच्यांनी ओळखावं. परीसारखा हा अर्थ मागाहून चिकटला. परीचा शब्द वेगळा, त्यात ई नाही, ए."

खाली कोपरा कोरा.

बाहेर कोणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचे धपके मोजत राहिले. विझताना वात मोठी होते हे काय मला स्कॉटलंडच्या माणसाने सांगायला हवं? माझी आईच सांगायची. पण त्याला अक्षरं असतील, मूळ असेल, आणि ह्यांनी अंथरुणात बसून हसत हसत ते कार्ड लिहिलं असेल...

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. ते चारही दिवस. आणि खारू पायाशी बसून अक्षरं लिहून घेत होती, म्हणजे नंतर तिलाही कळलं. आणि आता पोर चौदा महिने ते पोटात ठेवून माझं गाणं ऐकते.

तिला जवळ बसवलं. "याच्यासाठी पोट दुखतंय होय?"

आधी रडली नाही. ओठ घट्ट. मग म्हणाली, "आजोबा पण असेच करत होते. मी पण हसत होते त्यांच्याबरोबर. मला माहीत असतं तर मी दवाखान्यातून हललेच नसते. त्या सकाळी मी शाळेत गेले होते, आजी." आणि मग रडली.

त्यावर मला काही बोलता आलं नाही. मला! वहिनींनी ऐकलं असतं तर पेढे वाटले असते.

१६ तारीख, सोमवार

सकाळी विचार पक्का केला. खारूला हाक मारली, खोकं काढलं, चार रेघांवर गिरवायचं माझं पेन काढलं आणि तिच्या देखत त्या कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलं, हे.

"हे काय?"

"हे म्हणजे हे. तुझे आजोबा. त्यांचं नाव मी कधी घेतलंय का आजवर, की आता लिहू? शब्द त्यांचा होता, त्यांना स्वतःच्या कार्डावर स्वतःला लिहायची लाज वाटली असेल, म्हणून कोपरा राहिला. आता भरला. एक शब्द, एक माणूस. बरोबर ना?"

ती कार्डाकडे बघत राहिली. "एकच माणूस," म्हणाली.

"नियम कुणाचा?"

"आजोबांचा."

"मग? दुसऱ्या कुणाला आता हे कार्ड लागूच होत नाही."

तिच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं ते मला दिसलं. पण पूर्ण नाही. प्रूफवाल्याची नात, पुरावा मागणार. तर तो देते.

१८ तारीख, बुधवार

दोन दिवस मी मरणाची कण्हते आहे. किती मजा येते! उठताना आई गं, बसताना आई गं. तेलाची बाटली काढली, खारूकडून गुडघे चोळून घेतले. चोळताना गुदगुल्या होत होत्या, ओठ चावून बसले. डाळ खारट झाली म्हणून उगाच कुरकुरले, सूनबाईंना नावं ठेवली, लिफ्टला शिव्या दिल्या. पेन्शनरांचा रडका आवाज काढायचा सराव केला होता, तो कामी आला.

शिवणवाल्या वहिनी आल्या. "काय हो आजी, परवा तर जिने उड्या मारत चढत होता!"

मी खारूच्या डोक्यावरून डोळे वटारले. वहिनी बोलतात फार, पण बाई हुशार. लगेच म्हणाल्या, "म्हटलं होतं ना मी, या वयात माज करू नये, आता भोगा! तू जा गं खारू बिनघोर. ही बाई कुरकुरत शंभरी काढणार. मी मशीन वर आणून बसते दोन रात्री, हिची कुरकुर ऐकत कॉलर लावते."

खारू हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. रात्री आपणहून बॅग भरायला घेतली.

दुपारी सपाता आल्या नाहीत दोन दिवस. घर फार मोठं वाटतं. मला भीती वाटली. आल्या तेव्हा नाही वाटली, आता वाटली. कोपऱ्यात लिहिलं ते ह्यांना लागलं का?

२० तारीख, शुक्रवार

खारू गेली. शाळेच्या बाईंबरोबर, बसने. खिडकीतून विचारलं, "गुडघे?" मी म्हटलं, "मेले ठणकतायत." तिने अंगठा दाखवला. बस वळेपर्यंत मी लंगडत उभी होते. वळली आणि मी सरळ चालत घरी आले, फुलासारखी.

वहिनी दुपारच्या शिलाईचं गिऱ्हाईक बघून संध्याकाळी येणार होत्या. मी चहाचं आधण ठेवलं, सवयीने दोन कपांचं. आणि सपाता आल्या. डावी घासत, उजवी टप्पकन. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. खुर्ची सरकली. मग बराच वेळ काही नाही, नुसता कागदावर टाक फिरतो तसा बारीक आवाज. छापखान्याच्या शाईचा वास.

वळले तेव्हा टेबलावर कार्ड, तेच. सकाळी मी स्वतः खोक्यात ठेवून वर पाटा ठेवला होता.

कोपऱ्यातल्या माझ्या कोंबडीअक्षरातल्या 'हे'वर आडवी रेघ, आणि रेघेच्या टोकाला वेटोळं. प्रूफात चुकीचं अक्षर काढून टाका म्हणून करतात ती खूण. ती मी जन्मभर बघितलीये. आणि समासात, मुंगीएवढ्या अक्षरात, हिरव्या शाईने: खुळखुळा.

मी ह्यांचं पेन काढून बघितलं. टोकावर सुकलेली खपली. दौत उपडी केली, पूड पडली. अक्षर माझं असेल का, हाही विचार केला. माझा 'ळ' चार रेघांत मावत नाही, आणि तिथे दोन 'ळ' होते, तांदळाच्या कण्यांएवढे. कार्डावर बोट फिरवलं. बोटाला हिरवं लागलं.

काय सांगू काय वाटलं. एवढ्या मोठ्या खोक्यात, शेवटी, माझं नाव!

२१ तारीख, शनिवार

सकाळी न्हाले, ठेवणीतले कपडे घातले. वहिनी म्हणाल्या, "कुठे लग्नाला?" म्हटलं, "नात स्पर्धेत उभी आहे, मी काय मळक्या कपड्यांत बसू?" त्या टाचणी तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिल्या आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत हे कार्डावर लिहिण्यासारखं. दुपारी त्यांना खाली धाडलं, म्हटलं तासभर डोळा लावते.

तीनला फोन. "आजी! पाच शब्द बरोबर आले! आता तिघंच उरलो!" मागे केवढा गलका.

"शाब्बास गं माझी खार!"

मग आवाज एकदम लहान झाला. "गुडघे दुखतायत ना?"

मी टेबलाभोवती फिरत होते तेव्हा, जवळजवळ नाचतच. "फार दुखतायत गं. कालपेक्षा जास्त."

"गळ्याशप्पथ?"

"गळ्याशप्पथ."

ती हसली. सुटल्यासारखी, मोकळी. तो आवाज कानात घालून बसले आहे.

कार्ड खोक्यात ठेवलं नाही, कमरेला खोचलंय. खारू, तू ही वही कधी वाचलीस तर सांगून ठेवते, खोटं फक्त गुडघ्यांचं होतं. आणि तू शाळेत होतीस, गावी होतीस, याने काही बिघडलं नाही. हसवून निरोप दिलास, आणखी काय करतं माणूस?

चार वाजत आले. आधण ठेवलंय. आत्ताच दाराशी डावी घासली. आज सपाता स्वयंपाकघराशी थांबल्या नाहीत, पुढे आल्या, माझ्या खुर्चीमागे. मी वळत नाही. हे लिहून होईपर्यंत थांबतील, प्रूफाच्या माणसाला धीर असतो.

वही उघडीच ठेवते. चुका पुष्कळ असतील. खुणा करायला प्रत्येक ओळीखाली जागा सोडली आहे.